सवलतीची गाडी

मित्रांनो, मी बोरिवलीतली एक जुनी मोटारगाडी आहे. मी विजेवर चालते. माझी नंबरपाटी हिरवी आहे आणि आमच्या सोसायटीत मला 'सवलतीची गाडी' म्हणतात. म्हणू देत. हे नाव ऐकून मी कधी मान खाली घातली नाही.

माझा जन्म कारखान्यातला. पोटाखाली जड बॅटरी बसवून, ट्रकवर चढवून मला अंधेरीच्या एका शोरूममध्ये आणलं. तिथे मी काचेआड बरेच दिवस उभी होते. लोक यायचे, दार उघडून पाहायचे आणि किंमत ऐकली की दार हळूच लावायचे. मग सरकारने विजेच्या गाड्यांना सवलत जाहीर केली. रस्ता कर माफ झाला, नोंदणीची फी माफ झाली, किमतीतही सूट मिळाली. तेव्हा शुभाताई आल्या.

त्या बँकेतून नुकत्याच निवृत्त झाल्या होत्या. सोबत त्यांचे यजमान नंदकिशोरकाका होते. काकांच्या मूत्रपिंडांनी काम करणं सोडलं होतं. आठवड्यातून तीनदा त्यांना डायलिसिसला जावं लागे. परतताना अंगात त्राण नसे आणि जवळच्या भाड्याला रिक्षावाले थांबत नसत.

"माझ्यासाठी कशाला एवढा खर्च?" काका म्हणाले. "मी आता किती दिवसांचा?"

"जितके दिवस आहात तितके दिवस रस्त्यावर हात दाखवत उभं राहायचं नाही," शुभाताई म्हणाल्या. "पूर्ण किंमत मला झेपली नसती. आता झेपते. घेऊ या."

अशी मी बोरिवलीला आले. आल्या दिवशीच सोसायटीचे सेक्रेटरी मितेशभाई माझ्याभोवती एक चक्कर मारून गेले. खाली चार्जर बसवायला त्यांनी साफ नकार दिला. म्हणाले, "सूट सरकारकडून घेतली ना मॅडम? मग चार्जिंगपण सरकारकडेच करा. उद्या आग लागली तर आमची वाट लागेल."

त्या दिवसापासून माझी वणवण सुरू झाली. चार्जिंगसाठी शुभाताई मला कधी मॉलमध्ये नेत, कधी हायवेवरच्या पंपावर. तिथेही रांग असे. डायलिसिसच्या आदल्या दिवशी त्या पडद्यावरचा बॅटरीचा आकडा पुन्हा पुन्हा पाहत, तेव्हा मला स्वतःचीच चीड येई.

डायलिसिसच्या सेंटरवर त्यांची कृष्णाबाईंशी ओळख झाली. कृष्णाबाई गोराईच्या कोळीण. त्यांचे यजमान रामचंद्रकाका तिथेच डायलिसिसला येत. दोघं होडीने खाडी ओलांडून जेटीवर उतरत आणि तिथून पुढे रिक्षासाठी थांबत. एका दुपारी शुभाताईंनी त्यांना जेटीपर्यंत सोडलं. कृष्णाबाई मागच्या सीटवर अवघडून बसल्या होत्या. वाटेत त्यांनी विचारलं, "बाय, ही सूट सरकार देतं ती कोणाच्या पैशातून गं?"

"तुमच्या, माझ्या. सगळ्यांच्याच," शुभाताई म्हणाल्या.

"म्हणजे एखादा नट-बोल्ट माझापण असेल हिच्यात." कृष्णाबाई हसल्या आणि नीट टेकून बसल्या.

पुढच्या वेळी आम्ही सेंटरला जाण्याआधी जेटीवर गेलो. मग दर वेळी जाऊ लागलो. दोन्ही काका मागे बसत, क्रिकेटवरून वाद घालत आणि परतताना एकमेकांच्या खांद्यावर डोकं टाकून झोपत. मित्रांनो, तेव्हा मी खड्डे किती जपून ओलांडले असतील, याची कल्पना करा.

शेवटी शुभाताईंनी नियम शोधून काढले. स्वतःच्या पार्किंगमध्ये, स्वतःच्या खर्चाने, वेगळ्या मीटरवर चार्जर बसवता येत होता. वीज कंपनीने तपासणी करून मंजुरीही दिली. पण चार्जर बसवायला माणूस आला, त्या सकाळी मितेशभाईंनी मीटरच्या खोलीला कुलूप लावलं.

शुभाताईंनी घरातून खुर्ची आणली आणि कुलपासमोर मांडली. "दार उघडेपर्यंत मी इथेच आहे," त्या म्हणाल्या.

थोड्या वेळाने लिफ्टचं दार उघडलं. आयुष्यात कोणाशी चढ्या आवाजात न बोललेले नंदकिशोरकाका एका हाताने भिंत धरून, दुसऱ्या हाताने प्लास्टिकची खुर्ची ओढत येत होते. ते शुभाताईंच्या शेजारी बसले.

"काका, तुम्ही आजारी माणूस. वर जा ना," मितेशभाई म्हणाले.

"तासन्‌तास एका जागी बसायची मला सवय आहे," काका शांतपणे म्हणाले. "तुमचं काय ते बघा."

मग तिसऱ्या मजल्यावरची नेत्रा चहा घेऊन खाली आली आणि तिथेच उभी राहिली. तिलाही विजेची स्कूटर घ्यायची होती. मितेशभाईंनी वॉचमनकडे पाहिलं, तर त्याने हळूच मान वळवली. मितेशभाई फोनवर बराच वेळ कोणाशी तरी बोलले आणि दुपारी त्यांनी किल्ली दिली. संध्याकाळी मी पहिल्यांदा माझ्या स्वतःच्या जागेवर चार्ज झाले.

मागच्या वर्षी नंदकिशोरकाका गेले. मी बरेच दिवस कव्हराखाली उभी होते. माझी बॅटरी थकली आहे. पूर्वीइतकं अंतर आता होत नाही. एक दिवस शोरूममधून फोन आला. जुनी द्या, नवी घ्या, नव्या गाडीला सवलत आहे. शुभाताईंनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "ज्यांच्याकडे गाडी नाही त्यांना द्या ती. माझी चालते आहे."

फोन ठेवून त्यांनी माझं कव्हर काढलं, काचा पुसल्या आणि आम्ही जेटीवर गेलो. आता मागच्या सीटवर रामचंद्रकाका एकटे बसतात. खिडकीकडची जागा मात्र मोकळी ठेवतात.

मित्रांनो, माझी कीव करू नका. मला सवलत मिळाली हे मी कोणापासून लपवत नाही. तिच्यात किती अनोळखी माणसांची कमाई आहे, हे मला ठाऊक आहे. म्हणून नवी आली की मला भंगारात काढा, असं कोणी म्हटलं, तर मी ऐकणार नाही. सगळ्यांच्या पैशाने घेतलेली वस्तू तुमच्याकडे आली, तर तिला धुवा, पुसा, वेळेवर दुरुस्त करा आणि तिच्यात दुसऱ्याला जागा द्या. कोणी हिणवलं, तर काच वर करा आणि निघा. जोवर माझी चाकं फिरतात, तोवर मी तेच करणार आहे.