अर्धी चूकसुद्धा नाही

चाकाचा शोध लागला त्या दिवशी माणूस पुढे निघाला, आणि गोल चौकाचा शोध लागला त्या दिवशी तो सुसंस्कृत झाला. दिवे नकोत, दंडुका नको, हुकूम नको. प्रत्येकाने दुसऱ्याला वाट द्यायची आणि सगळ्यांनी मिळून पुढे जायचं. लोकशाहीचं याहून नेटकं चित्र जगात नाही. हे विचार मला यमुताईच्या स्कूटरच्या मागच्या सीटवर, मांडीवर सांबारवड्यांचा, म्हणजे कोथिंबिरीच्या वड्यांचा, डबा धरून, अशाच एका चौकाच्या तिसऱ्या फेरीत सुचले. चौथ्या फेरीत आम्हाला कारने ठोकलं.

यमुताई माझी थोरली बहीण. वय सदुसष्ट, सरकारी कचेरीतून हेडक्लार्क म्हणून निवृत्त. नोकरीभर तिने लोकांना नियम वाचून दाखवले, आता स्वतः पाळते. गोल चौकात शिरताना उजवीकडे बघून थांबायचं, आत असलेल्याला आधी जाऊ द्यायचं, लांबचा रस्ता पकडायचा असेल तर आतल्या लेनमध्ये राहायचं आणि बाहेर पडताना डावा इंडिकेटर देऊन हळूच डावीकडे सरकायचं. नागपुरात हे सगळं करणारी ती एकटीच असावी, त्यामुळे आत शिरणं तिला जमतं, बाहेर पडणं जमत नाही. त्या दिवशी आम्हाला धरमपेठेत लतिकामावशीकडे जायचं होतं. दुपारचे साडेतीन झाले होते, हिंगण्याच्या कंपन्यांची पाळी सुटली होती, मोटरसायकली आणि कंपनीच्या बसा चौकात एकामागून एक ओतल्या जात होत्या. आम्ही डावा इंडिकेटर लुकलुकवत मधल्या सिमेंटच्या संत्र्याभोवती फिरत होतो, आणि डावीकडे सरकू देणारा कोणी भेटत नव्हता.

एवढ्यात डावीकडच्या रस्त्यावरून एक पांढरी कोरी कार आली. पुढे झेंडूचा हार, खाली लिंबू-मिरची. ती न थांबता थेट आतल्या लेनपर्यंत घुसली आणि आमच्या डाव्या इंडिकेटरला लागली. इंडिकेटर गेला. आम्ही पडलो नाही, फक्त वाकडे झालो. डबा मी सोडला नाही.

कारमधून विक्की नावाचा तिशीतला तरुण उतरला. त्याने आधी बंपर पाहिला, मग आम्हाला. "काकू, मी चारही लाईट लावून सरळ जाऊन राहिलो होतो ना जी," तो म्हणाला.

इथे बाहेरगावच्या वाचकासाठी सांगतो. गाडी बंद पडली की लावायचे ते चारही दिवे आमच्याकडे चौकात 'मी सरळ चाललो' असं सांगायला लावतात. कोणी शिकवलं ठाऊक नाही, पण ज्याला विचाराल तो वडिलांकडून शिकलेला असतो.

यमुताईने हेल्मेट काढलं. "सरळ म्हणजे कुठून?" तिने विचारलं. "या संत्र्यातून?"

विक्कीने संत्र्याकडे पाहिलं. ते तिथे आहे हे त्याच्या प्रथमच लक्षात आलं असावं.

तोवर माणसं जमली. आमच्या चौकातल्या टकरींचा निकाल कोपऱ्यावरचे पानठेलेवाले भैय्याजी देतात. बावीस वर्षं देत आहेत. त्यांचा कायदा एका वाक्याचा आहे: मोठ्या गाडीची चूक मोठी, लहान गाडीची लहान, आणि चूक दोघांची. पाठोपाठ वाहतूक हवालदार केशवराव सावलीतून आले. स्वभावाने भला माणूस. निवृत्तीला आठ महिने उरलेले, त्यामुळे कागद काढायचा नाही हे त्यांचं धोरण. त्यांनी गाड्या बाजूला घ्यायला सांगितलं.

यमुताई म्हणाली की आधी खुणा होतील, मग गाड्या हलतील. तिने मला भैय्याजींकडून चुन्याची डबी आणायला पाठवलं आणि, मागून बसा हॉर्न देत असताना, दोन्ही गाड्यांच्या चाकांभोवती चुन्याने रेघा ओढल्या. इतक्या सावकाश की एका बसचा ड्रायव्हर इंजिन बंद करून खाली उतरला आणि तिला रेघ वाकडी जातेय हे सांगू लागला. मग गाड्या संत्र्याच्या कठड्याशी उभ्या राहिल्या आणि सुनावणी सुरू झाली.

भैय्याजींची साक्ष आमच्या विरुद्ध गेली. ते म्हणाले, "माह्या गणतीनं चार चक्कर झाले यायचे. लेफ्टचा लाईट देऊन राहिल्या, पण लेफ्टले काही जाऊन नाही राहिल्या. मले वाटलं, नवस असन." विक्कीने तो धागा लगेच उचलला. जी बाई डावीकडे जाते म्हणून सांगते आणि जात नाही, तिच्यावर दुसऱ्याने विश्वास कसा ठेवायचा? लोकांना हे पटलं. खरं सांगायचं तर क्षणभर मलाही पटलं. मी साक्ष द्यायला पुढे झालो, पण भाऊ म्हणून बाद ठरलो. वातावरण निवळावं म्हणून मी डब्याचं झाकण उघडू लागलो, तेव्हा यमुताईने निकाल लागेपर्यंत वड्यांना हात लावायचा नाही, ती लाच होईल, असं सगळ्यांसमोर बजावलं.

केशवरावांनी मान हलवली. "ताई, फिफ्टी-फिफ्टी करून टाका अन् मोकळं व्हा. अर्धी त्याची, अर्धी तुमची. कागद नाही, काही नाही."

कोणीही तयार झालं असतं. यमुताईला ते परवडणारं नव्हतं. गेल्या वर्षी तिने आधी सोसायटीचं फाटक आणि मग पेरूंचा हातठेला अशा दोन ठिकाणी धडक दिली होती, आणि तिच्या मुलीने, मुग्धाने, लेखी करार करून घेतला होता: तिसऱ्या वेळी स्कूटरची किल्ली मुग्धाकडे. त्यात 'चूक सिद्ध झाल्यास' हे शब्द यमुताईने घातले. 'अंशतः का होईना' हे मुग्धाने. शेवटी तीही हेडक्लार्कचीच मुलगी. म्हणजे अर्धी चूक कबूल केली की किल्ली पूर्ण जाणार होती. मग मावशीकडे जायचं तरी मुग्धाच्या सवडीने, आणि भाजी मुग्धाला वाटेल ती.

यमुताई घरी आणि कचेरीत शुद्ध मराठी बोलते. ती नागपुरीवर आली की प्रकरण मिटत नाही, हे मला लहानपणापासून माहीत आहे.

"काहून गा केशवराव," ती म्हणाली, "मले अर्धी कोणती देऊन राहिले? वाट पाह्यली ती, का नियम पाळला ती? अर्धी काय, मी पावही घेत नाही. आणि मी इथून हलत नाही."

ती संत्र्याच्या कठड्यावर बसली. पदर सारखा केला. केशवरावांनी कामात अडथळा, वाहतुकीचा खोळंबा असे काही शब्द उच्चारून पाहिले. तिने प्रत्येकाचं कलम विचारलं.

मग तिनेच तोड सुचवली. केशवरावांनी स्वतः स्कूटरवर बसावं, नियमाने आत शिरावं, आतल्या लेनमधून डावा इंडिकेटर देऊन धरमपेठेच्या रस्त्याला बाहेर पडून दाखवावं. पहिल्या फेरीत बाहेर पडले, तर पूर्ण चूक तिची, किल्ली तिथेच केशवरावांच्या हातात. अट एकच, शिट्टी वाजवायची नाही. हातही दाखवायचा नाही.

"माझ्याकडे शिट्टी होती का?" ती म्हणाली.

केशवराव हसले. एकोणतीस वर्षं ते या शहराच्या चौकांत उभे होते. फक्त उभे होते, हे त्यांच्या तेव्हा लक्षात आलं नाही. भैय्याजींनी आपली स्कूटर दिली. वर्दी दिसू नये म्हणून विक्कीने आपलं जाकीट दिलं, मी हेल्मेट दिलं. विक्की साक्षीदार म्हणून मागे बसला.

पहिल्या फेरीत लोक हसत होते. दुसऱ्या फेरीत मोजू लागले. केशवराव डावीकडे सरकायला गेले की एक मोटरसायकल बाजूने निघायची, मग एक ऑटो, मग चारही दिवे लावलेली एक जीप, सरळ जाणारी. तिसऱ्या फेरीत ते आमच्यासमोरून गेले तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावर मला माझाच मघाचा चेहरा दिसला. मागे विक्की ओरडून लोकांना सांगत होता, "अबे लेफ्टचा लाईट दिसून नाही राहिला का तुमाले?" चौथ्या फेरीत कंपनीच्या एका बसने त्यांना बाहेर काढलं खरं, पण हिंगण्याच्या रस्त्याला. वीस मिनिटांनी दोघे स्कूटर ढकलत फुटपाथवरून परत आले. गोलात पुन्हा शिरायची त्यांची तयारी नव्हती.

केशवरावांनी जाकीट परत केलं, चुन्याच्या रेघा पाहिल्या आणि आठ महिन्यांचं धोरण मोडून वही काढली. 'कारचालकाने गोलात शिरताना उजवीकडून येणाऱ्या वाहनास वाट दिली नाही. स्कूटरचालक महिलेची चूक नाही.' यमुताईने वाचलं आणि 'अंशतःसुद्धा' हा शब्द वाढवून घेतला. मी फोटो काढून मुग्धाला पाठवला. तिचा उलट फोन मलाच आला. मामा, खरं सांग, असं तिने तीनदा विचारलं, मी तीनदा खरं सांगितलं. मग ती म्हणाली, "बरं. किल्ली राहू दे आईकडे."

डबा उघडला. भैय्याजींनी वडी खाताना जाहीर केलं की नियम त्यांना पहिल्यापासूनच माहीत होता. विक्कीने चार खाल्ल्या, इंडिकेटर उद्या घरी येऊन बसवून देतो म्हणाला, आणि कारमध्ये वाकून चारही दिवे बंद केले. ते दोन तास चालूच होते.

यमुताईने हेल्मेट चढवलं, किल्ली फिरवली. तिची मान अशी ताठ होती, जणू चौक तिच्या नावावर झाला असावा. डावा इंडिकेटर नव्हता, म्हणून मी डावा हात लांब करून बसलो, उजव्यात अर्धा डबा. लोकांनी टाळ्या वाजवल्या आणि आम्ही निघालो.

एक फेरी झाली. टाळ्या थांबल्या. दुसरी झाली. भैय्याजी पुन्हा मोजू लागल्याचं मला दिसलं.

तिसऱ्या फेरीत यमुताईने वेग कमी केला आणि कठड्याजवळ उभ्या केशवरावांकडे न बघता, शुद्ध मराठीत म्हणाली, "केशवराव, तेवढी शिट्टी वाजवता का?"