कोरड्या घशाचं पाणी

केदारखेड्याच्या मठात मच्छिंद्रबुवा भांगेची गोळी द्यायचा. ती खाल्लेल्याला जमिनीखालचा झरा दिसे, आणि त्याचं बोट जाईल तिथं गाव विहीर खोदायचं. निजामावरच्या पोलीस अ‍ॅक्शननंतरच्या सहा वर्षांत तीन विहिरी झाल्या. तिन्हींत पाण्याऐवजी शेळ्या पडल्या.

चौथी जागा चतुराबाईच्या नवऱ्यानं, बद्रीनाथनं दाखवली, ती नेमकी पोटरीला आलेल्या ज्वारीत. घरची वर्षाची भाकर त्या पट्ट्यात उभी होती, आणि उद्या खोदायला माणसं येणार होती.

"काय दिसलं तुमाला?" चतुराबाईनं नवऱ्याला विचारलं.

"पाणी! त्यात मेलेला भाऊ उभा राहून बोलून राह्यला."

"तोंड कसं व्हतं तवा?"

"खरखरीत. थुंकीबी न्हाई."

गोळी उतरत आली होती, तरी त्याच्या डोळ्यांच्या बाहुल्या पसरलेल्या होत्या आणि बोटं हवेतले नसलेले धागे वेचत होती. धोतरा खाल्लेला माणूस तिनं माहेरी पाहिला होता. ती तडक मठात गेली. आधीच्या विहिरींच्या जागा दाखवणारे तिथंच बुवासमोर बसले होते.

"रामरावदादा, तुमाला काय दिसलं व्हतं?"

"पाणी."

"रामकिसनभावजी, तुमाला?"

"पाणीच की."

"सोनं कुणालाच न्हाई? गोळीत धोतऱ्याचं बी हाय. त्यानं घसा वाळतो. वाळल्या घशाला पाणी न्हाई तर काय पुरणपोळी दिसंल? मिशा तेवढ्या वाढवल्या!"

कुणीतरी फिसकन हसलं.

"बुवा, तुमीच खा एक. हितं, समद्यांसमोर."

"आज उपास हाय, बाई."

"शिवरात्रीला उपासाला भांग चालती म्हणून तुमीच वाटली ना?"

सकाळी मठ रिकामा होता, बुवा रातोरात पसार झाला होता. खोदाई टळली. ज्वारी वाचली, माणूसही सुटला, असं चतुराबाईला वाटलं.

बद्रीनाथला मात्र झोप येईना, अन्न गोड लागेना. पूर्वी अर्ध्या गोळीत भागायचं. अलीकडे दोन लागत होत्या. पाचव्या दुपारी ती भाकरी घेऊन शेतावर गेली, तर तो बांधावर धोतऱ्याची काटेरी बोंडं फोडत होता. बुवा चिमूटभर घालायचा. ह्याच्या ओंजळीत मूठभर बिया होत्या.

"आता कुठं खोदायची इहीर?" ती कडाडली.

"इहीर नको. पाणीबी नको." त्यानं मान वर केली नाही. "जल्दी सरक, ऊन येऊ दे. बिया वाळून राह्यल्यात."

तिनं त्याच्या हाताला हिसडा दिला. बिया मातीत उडाल्या. तो गुडघ्यांवर आला आणि ढेकळांतून एकेक बी टिपायला लागला. चतुराबाईनं भाकरी बांधावर ठेवली आणि त्याच्या हातावर पाय देऊन उभी राहिली.