साठ इंचांचा तोरा

मी शिंप्याच्या गळ्यातली मोजपट्टी बोलतेय. एक ते साठ आकडे अंगावर घेऊनच जन्मले, त्यामुळे माझा तोराही साठ इंचांचा. आमचे शिंपीमास्तर मला गळ्यात घालून चहा पीत, तेव्हा माझं एक टोक हमखास कपात असायचं. तेही मी मानानं सोसलं.

मग मास्तरांची भाची दुकानात कामाला आली. तिची शिलाई अशी, की टाका शोधायला भिंग लागावं. आकड्यांशी मात्र तिचा उभा दावा. माझ्यावर वाचलेला आकडा वहीपर्यंत पोहोचेतो डोक्यातून पसार व्हायचा. बँडमास्तरांच्या कोटाची बाही अशीच जमिनीवर लोळली. भला माणूस, महिनाभर बाहीची घडी खिशात घालून वाजवत राहिला.

आमच्या मास्तरांचा पारा मात्र चढला. शनिवारी बँडचे बारा कोट द्यायचे होते. "आता एक जरी चूक झाली, तर आईकडे परत जायचं," ते म्हणाले. भाची मला गुंडाळत बसली. मला आयुष्यात पहिल्यांदा माझ्या आकड्यांची लाज वाटली.

अस्तर बदलायला आलेल्या शाळेच्या बाई हे ऐकत होत्या. "मास्तर, हा आळस नसावा. डिस्कॅल्क्युलिया असू शकतो, म्हणजे आकडे समजायला नि लक्षात ठेवायला अडचण येते; जन्मापासूनच असतो. तज्ज्ञांकडून तपासून घेऊ. माझ्या लेकाची अक्षरांशी अशीच झटापट चालते, म्हणून काय तो ढ आहे? तोवर हिला हिच्या पद्धतीनं मोजू द्या."

भाचीनं मला खुंटीला टांगलं आणि फितीचं रीळ उचललं! प्रत्येक वादकाची एक फीत. बाहीच्या लांबीवर लाल टाका, छातीच्या निळा, कंबरेच्या पिवळा. बारा फिती दारात लोंबू लागल्या. वादक येता-जाता आपापली कंबर बघून जायचे. मी रागानं आकसून अर्धा इंच कमी झाले.

शनिवारी अकरा कोट अंगावर चपखल बसले. बारावा ढोलवाल्याच्या पोटावर मिटेना. मास्तरांनी भाचीकडे पाहिलं, आणि खुंटीवर माझा जीव टांगणीला लागला.

भाचीनं त्याची फीत उजेडात धरली. पिवळ्या टाक्यापासून चार बोटं पुढं सुईची जुनी भोकं होती.

"मामा, हा टाका माझा नाही," ती शांतपणे म्हणाली.

ढोलवाल्यानं पोट आत ओढलं. बारीक दिसावं म्हणून त्यानंच टाका अलीकडे सरकवला होता. मास्तरांनी फीत हातात घेऊन तो टाका डोळ्यांजवळ धरला. "खरंच की. इतका गचाळ टाका तुझा कसा असेल? चुकलं माझं, पोरी."

आता इस्त्रीच्या वाफेनं माझे आकडे पुसलेत. मास्तरांनी नवी पट्टी आणली आणि मला चिंध्यांत टाकलं. तिथून भाचीनंच मला उचललं. तुमच्या घरात आकडे दिसले की गप्प होणारं कुणी असेल, तर खेकसण्याआधी त्याला त्याची फीत शोधू द्या, एवढंच मागणं. माझं म्हणाल, तर ढोलवाल्याच्या पोटाला साधी फीत पुरत नाही. त्याचा पिवळा टाका सध्या माझ्या अंगावर आहे.