शनिवार सोडून

नामदेवने पाण्याचा ग्लास उचलला, खिडकीकडे धरला आणि तळाशी काही हलतंय का ते निरखून पाहिलं. काही हलत नव्हतं. तरीही त्याने तो टेबलाच्या कडेला सरकवला आणि पिशवीतून घरची बाटली काढली. वीस मिनिटं उकळून दुहेरी फडक्यातून गाळलेलं पाणी.

"आज पाचवा रविवार आहे," हेमा म्हणाली. "एव्हाना त्या ग्लासालाही तुमची ओळख पटली असेल."

पिकल्या मिशांचा वेटर येऊन उभा राहिला. नामदेवने तोंड उघडण्याआधीच त्याने दोन्ही हात पुढे करून उलटसुलट दाखवले.

"साबणाने धुतलेत साहेब. तुम्ही दारात दिसलात तेव्हाच."

हेमाला हसू आवरेना. नामदेव हसला नाही. त्याने वेटरची नखं पाहिली. वेटरने नामदेवची पाहिली. त्या नखांच्या कडांना तांबूस रंग बसला होता, दगडाने घासला तरी न जाणारा. नामदेवने हात टेबलाखाली घेतले.

"चिंबोरीचं कालवण एक. भाकऱ्या तव्यावरून थेट ताटात. तिखट कमी. कांदा नको, बर्फ नको, सोलकढी नको."

"आणि तुम्हाला?"

"मी तिच्यातलंच चाखेन."

हे चाखणं गेले चार महिने चाललं होतं. हेमाला दिवस गेले आणि तिसऱ्या महिन्यापासून तिला बाहेरचं खावंसं वाटू लागलं. गरोदर बाईचे डोहाळे अडवायचे नसतात, हे नामदेवला लहानपणापासून ठाऊक होतं. पण बाहेरच्या अन्नावर त्याचा विश्वास नव्हता. मग त्याने आपली एक रीत बसवली. आधी एकट्याने जायचं, हेमाला हवं ते मागवून स्वतः खायचं आणि दोन दिवस थांबायचं. पोट ठीक राहिलं तर तिसऱ्या दिवशी तिला न्यायचं.

डोंबिवली स्टेशनजवळच्या उडप्याकडे चार ग्लास एका हातात आले, प्रत्येकात एकेक बोट बुडालेलं. तिथून तो डोशाची ऑर्डर टाकून तसाच उठला. कल्याणच्या एका खानावळीत टेबल पुसलेल्या फडक्यानेच ताट पुसलं गेलं. शहाडला एका ठिकाणी मिसळ फार चांगली होती, पण त्या रात्री त्याला उलट्या सुरू झाल्या आणि सकाळपर्यंत तो न्हाणीघरातच बसून होता. बायको काळजीत, आणि हा गृहस्थ मात्र मनातून खूश. हेमा वाचली, एवढंच त्याच्या डोक्यात. कारखान्यात त्याचं नाव पडलं होतं, हॉटेल इन्स्पेक्टर. पडो बापडं.

त्यात सहावा महिना लागल्यावर हेमाने चिंबोऱ्यांचं, खाडीतल्या खेकड्यांचं, नाव काढलं.

नामदेव कोपरच्या खाडीकाठच्या कोळीवाड्यातला. चिंबोरी भरलेली आहे की पोकळ, हे तो हातात धरूनच सांगायचा. पण कोपरची खाडी आता पूर्वीची राहिली नव्हती. तिथली चिंबोरी फोडली की कवचातून रॉकेलसारखा वास यायचा. हेमाची आधीची दोन पोटं पडली होती, एक चौथ्या महिन्यात, एक पाचव्या. डॉक्टर म्हणाले होते, कारण सांगता येत नाही. नामदेवला सांगता येत होतं. दुसऱ्या वेळी हेमा दवाखान्यातून घरी आली त्याच दिवशी त्याची आई, दगडाबाई, सुनेला ताकद यावी म्हणून टोपलीभर चिंबोऱ्या घेऊन दारात उभी राहिली. त्याने ती टोपली जिन्यावरून खाली फेकली.

"तुझ्या खाडीने माझी दोन पोरं खाल्ली," तो ओरडला होता. सगळी चाळ बाहेर आली होती. दगडाबाईने जिन्यात पळणाऱ्या चिंबोऱ्या एकेक करून गोळा केल्या आणि ती निघून गेली. त्याला दीड वर्ष झालं. तिने पुन्हा उंबरा ओलांडला नाही, आणि यानेही कोपरची वाट धरली नाही.

त्या दिवशी तो एवढा का ओरडला, हे मात्र कुणालाच ठाऊक नव्हतं, हेमालाही नाही. नामदेव रंगाच्या कारखान्यात होता. दर शुक्रवारी रात्रपाळीला मागच्या टाकीचा व्हॉल्व्ह उघडायचं काम त्याच्याकडे असे. चाक फिरवलं की तांबडं पाणी नाल्यात पडायचं, आणि नाला खाडीला मिळायचा. साहेब म्हणायचे, खाडीत पाणी काय थोडं आहे? नामदेव मान डोलवायचा आणि चाक फिरवायचा. दोन वर्षांनी कायम करतो म्हणाले होते. झाला कायम.

म्हणून चिंबोऱ्यांसाठी त्याने खाडीकाठ सोडून थेट ठाण्यात शोध घेतला. तलावपाळीच्या मागच्या गल्लीतलं हे लंच होम सातवं. त्याने भटारखान्यात डोकावून चूल पाहिली, मोरी पाहिली, मालाची चौकशी केली. माल लांबून येतो, असं सांगण्यात आलं. एकट्याने खाल्लं, दोन दिवस थांबला, मग हेमाला आणलं. पहिल्या रविवारी ती बोटं चाटत राहिली आणि तो तिच्या तोंडाकडे बघत राहिला. आता सातवा महिना भरत आला होता. पोर पोटात लाथा मारायचं, आणि प्रत्येक लाथेगणिक नामदेवचा जीव जरा भांड्यात पडायचा.

कालवण आलं. नामदेवने वाटीतला चिंबोरीच्या नांगीचा आकडा उचलला, दाताखाली फोडला आणि आधी नाकाशी धरला. रॉकेल नाही. औषधाचा वास नाही. खारट, गोडसर, त्याच्या लहानपणचा वास. त्याने खाल्लं, क्षणभर थांबला, आणि वाटी हेमाकडे सरकवली.

"पास?" तिने विचारलं.

"खा."

त्याचे हात बरबटले होते. बेसिनवर गेला तर साबणाच्या वडीला कुणाचे तरी केस चिकटलेले. तो परत फिरला.

"मागच्या अंगणात नळ आहे," वेटर म्हणाला. "तिथे नवी वडी ठेवलीय."

"नका जाऊ मागे," हेमा घाईने म्हणाली. "बाटलीतलं पाणी ओतते की मी."

"ते प्यायला आहे."

तो भटारखान्याच्या बाजूने मागे गेला. अंगणात भिवा आचारी पाटावर बसून मासे साफ करत होता. त्याच्याशेजारी ओल्या गोणपाटाखाली एक टोपली होती. गोणपाट एका कोपऱ्यात उचललेलं होतं आणि आत जिवंत चिंबोऱ्या, आकडे बांधलेल्या.

नामदेव नळाकडे जाता जाता थबकला.

ठाण्याच्या बाजारात चिंबोऱ्या सुतळीने बांधतात. या चिंध्यांनी बांधल्या होत्या. जुन्या लुगड्याच्या जांभळ्या चिंध्या, आणि गाठ डावीकडून घातलेली, टोक आत खोचलेलं. अशी गाठ घालणारी एकच बाई त्याला माहीत होती. तिचा उजवा अंगठा चिंबोरीने चावून कायमचा वाकडा केला होता, म्हणून ती सगळ्या गाठी डाव्या हाताने मारायची. त्याला गाठ शिकवली तीही डावीच.

पाच रविवार. पाच रविवार त्याने स्वतःच्या हाताने हेमापुढे वाटी सरकवली होती.

"ह्या कोणी आणल्या?" त्याने टोपलीकडे बोट दाखवलं.

"म्हातारी आणते एक," भिवा मान वर न करता म्हणाला. "दर रविवारी. ही टोपली बाजूला ठेवायची म्हणते. पोटुशी बाई येते ना, तिलाच द्यायची, दुसऱ्या कुणाला नाही. आणि ती जेवून जाईपर्यंत इथून हलत नाही. ती काय, बसलीय."

नळापलीकडे, लाकडांच्या ढिगाच्या आडोशाला दगडाबाई बसली होती. डोक्यावरची चुंबळ गुडघ्यावर, पायांवर वाळलेला चिखल. दीड वर्षात ती फार वाळली होती. मुलाला पाहून ती उठली नाही. फक्त तोंडाशी बोट नेलं.

"वरडू नको, नामा. हेमी जेवतेय."

"आये," तो म्हणाला. चाळीत राहायला गेल्यापासून तो 'आई' म्हणायला शिकला होता, ते आत्ता कुठल्या कुठे गेलं. "आये, तू खाडीच्या चिंबोऱ्या तिला..."

"खारीच्या नाय या." दगडाबाईने त्याला पुढे बोलू दिलं नाही. "वैतरण्याच्या हायेत. पहाटेची निंगतंव, दादरशी गारी बदलतंव, विरारशी बदलतंव. तिथली एक बाय देतेय मना निवरून. इचार हेमीला. तिनंच सांगावा धारला, आये, मना तुमच्या हातची चिंबोरी पायजे, ह्यांना कलू देऊ नका."

नामदेव लाकडांना टेकला. त्याच्या नाकाने खरं तेच सांगितलं होतं. साठीची बाई, दर रविवारी, दोन गाड्या बदलून. आणि तिला आयुष्यभर हाकेच्या अंतरावर खाडी.

"तू तर म्हणायचीस, खाडीला काही झालेलं नाही. मला खोटं पाडायचीस."

"म्हनायची. मना काय नाक नाय? तुज्यासमोर बोलवत नव्हतं." तिने चुंबळ उलगडली, परत गुंडाळली. "तू टोपली फेकलीस तवापासना आपल्या खारीचं मी कोनाला खाया घालत नाय. जालं सुकत टांगलंय. शनवारी तर बघवत नाय रं. शनवारची सकाल झाली का मासं पोटं वर करून किनाऱ्याला लागतात. सोमवारी नाय, मंगलवारी नाय, शनवारीच. गावकी म्हनतेय, शनीचा कोप झाला. दर शनवारी नारल सोरतात खारीत, तेल सोरतात. मीपन सोरलं."

नामदेव तिच्याकडे बघत नव्हता. भिवाच्या सुरीखाली मासा उलटापालटा होत होता, तिकडे त्याचे डोळे लागले होते.

"काय फरक नाय," दगडाबाई म्हणाली.

आतून भांड्यांचा आवाज आला. हेमा वेटरला काहीतरी विचारत होती, तिचं हसणं अंगणापर्यंत ऐकू आलं. दगडाबाईने कान दिला आणि तिचा चेहरा सैल झाला. बहुधा या हसण्यासाठीच ती जेवण संपेपर्यंत इथे बसत असावी.

"एक इचारू?" ती खाली बघत म्हणाली. "इचारनार नव्हतं. तू मघारी फेकशील तर फेक."

"विचार."

"आपल्या घरात बाराव्या दिशी पोराचं पाय खारीला लावतात. तुज्या बापाचं लावलं, तुजं लावलं. खारी मेली, मना कलतंय. पन आय मेली म्हनून ती आय नाय र्‍हात का? पाय तेवढं लावायचं, नामा. टाच भिजली तरी बस. मी लगेच नलाच्या गोऱ्या पान्यानं धुवीन. तुज्या बाटलीतल्या पान्यानं धुवीन. आनशील?"

तिने पहिल्यांदाच त्याच्या डोळ्यांत पाहिलं. नामदेवला त्या क्षणी तिच्या चिखलाने भरलेल्या पायांवर डोकं ठेवावंसं वाटलं. त्याला भीतीही वाटली. एवढीशी गुलाबी टाच आणि ते पाणी, दोन्ही त्याला लख्ख दिसत होती. पण नाही म्हणणं त्याला शक्य नव्हतं.

"आणीन," तो म्हणाला. "आणीन, आये." आणि मग, गेले चार महिने प्रत्येक हॉटेलात जशी अट घालत आला होता तशीच त्याच्या तोंडून आपोआप निघून गेली. "फक्त शनिवार सोडून. शनिवारी बारावा आला तर नको, पुढे ढकलू. मंगळवारी, बुधवारी कधीही आणीन."

दगडाबाईच्या तोंडावर आलेलं हसू तिथेच थांबलं.

अमावास्येला हा मुलगा हट्टाने होडी काढायचा. शनिवारीच केस कापायचा, आईने शिव्या घातल्या की दात काढायचा. देवऋष्याने दिलेला गंडा त्याने तिच्यासमोर कापून चुलीत टाकला होता.

"तू कवापासना वार पालाया लागलास, नामा?"

त्याला काहीही सांगता आलं असतं, हेमाची आई पाळते, डॉक्टरांनी सांगितलंय, काहीही. तो नुसता उभा राहिला, कालवणाने बरबटलेले हात अंगापासून लांब धरून.

दगडाबाईची नजर त्या हातांवर गेली. कालवणाचा पिवळा रंग बोटांवर होता. नखांच्या कडेचा तांबडा वेगळा होता. तो रंग तिने खाडीच्या पाण्यावर बघितलेला होता. दर शनिवारी.

"अहो," आतून हेमाची हाक आली. "भाकरी गार होतेय."

दगडाबाई गुडघ्यावर हात देऊन उठली. तिने नळाखालचा तांब्या भरला, साबणाची नवी वडी त्याच्या पुढ्यात धरली.

"हात धू," ती म्हणाली.

त्याने वडी घेतली. ती पाणी ओतत राहिली आणि तो चोळत राहिला. बोटं स्वच्छ झाली, कालवणाचा वास गेला, तरी तिने ओतायचं थांबवलं नाही. तांब्या रिकामा झाला तेव्हा तिने तो पुन्हा नळाखाली धरला.