चिकट बुडाचा पुरावा

मी एक जुना, जाड बुडाचा टोप आहे मित्रांनो, आणि आज मी तुमच्याशी रागानेच बोलणार आहे. इतकी वर्षं विस्तवावर बसलो, पण असा कधी तापलो नव्हतो.

माझा जन्म भांड्यांच्या कारखान्यातला. पोलादाची गोल तबकडी साच्यावर दाबली, कडा घासल्या, दोन कान जोडले आणि झालो मी तयार. आमच्या घरच्या आजींनी संसार मांडला तेव्हा मला पसंत केलं. "बूड बघा कसं दणकट आहे!" असं त्या आजोबांना म्हणाल्या होत्या. आजोबा तेव्हा तरुण, फरश्या बसवणारे कारागीर.

त्यांना एकच शौक होता. सुट्टीच्या सकाळी पॅनकेक आणि त्यावर मेपल सिरप, म्हणजे मेपलच्या झाडाचा रस आटवून केलेला तपकिरी पाक. थंड सिरप त्यांना चालत नसे. ते माझ्यात कोमट करून घेत. आठवडाभर गुडघ्यांवर बसून काम करणाऱ्या माणसाची तेवढीच चैन.

म्हातारपणी डॉक्टरांनी सांगितलं, रक्तातली साखर फार वाढली आहे. पायाच्या अंगठ्याची जखम भरत नव्हती. आजोबा घाबरले. त्याच दिवशी त्यांनी चहातली साखर सोडली, बिस्किटं सोडली. सिरप तेवढं सुटेना. तेव्हा कोपऱ्यावरच्या दुकानदाराने एक बाटली काढून दिली. "घ्या काका, शुगर-फ्री आहे. बिनधास्त खा." बाटलीवर मोठ्या हिरव्या अक्षरांत लिहिलं होतं, 'साखर घातलेली नाही'.

आजोबा खरंच बिनधास्त झाले. आता रोज सकाळी दोन-तीन चमचे माझ्यात कोमट व्हायला लागले. महिन्याने तपासणी केली तर साखर आधीपेक्षा जास्त! "असंच चाललं तर अंगठा काढावा लागेल," डॉक्टर म्हणाले.

घरी येऊन आजोबा जेवायला बसले, तोच आजींनी मला ओट्यावरून उचललं. माझ्या बुडाला चिकट थर होता.

"हे काय? माझ्यामागे चोरून साखरेचा पाक करता?"

"अगं, बाटलीतलं सिरप आहे ते. साखरेला हातसुद्धा लावला नाही मी."

"मग रिपोर्ट खोटा बोलतोय का? या वयात खोटं बोलायला लाज नाही वाटत?"

त्यांची मुलगी समोरच होती. ती हळूच म्हणाली, "बाबा, खरं सांगा ना. आम्ही रागावणार नाही."

आजोबांना तेच जास्त लागलं. ते ताटावरून उठले. आजींनी साखरेचा डबा कुलपात ठेवला आणि मला मोरीत असं आदळलं की माझा एक कान वाकडा झाला. कान गेला तर गेला हो! पण एका खरं बोलणाऱ्या माणसाविरुद्ध मला पुरावा केलं होतं आणि मला तोंड नव्हतं. मी नुसता जळत राहिलो.

मुलगी छापखान्यात मुद्रितं तपासायची. चार दिवसांनी ती रिकामी बाटली टाकायला निघाली आणि सवयीने मागची बारीक अक्षरं वाचू लागली. मध्येच थांबली.

"आई, यात मेपल नावालाही नाही. सफरचंदाचा आटवलेला रस आहे सगळा. वरून साखर घातली नाही, पण फळाची आहे ती कुठे जाणार?"

ती तडक दुकानात गेली आणि तणतणत परत आली. "म्हणतो कसा, 'ताई, लिहिलंय त्यात खोटं काय आहे?'"

आजी आजोबांसमोर जाऊन बसल्या. "मी तुम्हाला चोर ठरवलं. चुकलं माझं."

"चाळीस वर्षांत तुला माझा शब्द कळला नाही," आजोबा म्हणाले, "टोपाचं बूड मात्र लगेच कळलं."

एवढं बोलून ते उठून गेले. दुसऱ्या दिवशी त्यांनी पॅनकेक कोरडाच खाल्ला.

मग बिनसाखरेचं सिरप घरीच करायला आजींनी मला विस्तवावर चढवलं. आधी दालचिनीचं पाणी उकळलं, तर तो सर्दीचा काढा झाला. मग स्टीव्हियाची, म्हणजे साखरेऐवजी वापरतात त्या गोड पानांची पूड घातली, ती जास्त पडून सगळं कडू झालं. मग जवस उकळून त्याचं बुळबुळीत पाणी गाळून घेतलं, ते सिरपासारखं दाट झालं. त्यात भाजलेली मेथी टाकली आणि काय सांगू, हुबेहूब मेपलचा वास सुटला! स्टीव्हिया या वेळी चिमूटभरच. मुलीने डॉक्टरांना सगळं विचारून घेतलं.

वासाने आजोबा स्वयंपाकघरात आले. चमचा चाटला.

"गोडी जरा वेगळी आहे."

आजींचा चेहरा पडला.

"वाईट नाही म्हटलं मी. वाढ."

पुढच्या तपासणीत साखर उतरली होती. अंगठा वाचला. तरी माझा राग निवलेला नाही, कारण ती हिरवी अक्षरं आजही कुणाला तरी फसवत असतील.

म्हणून मित्रांनो, बाटली फिरवून मागचं वाचा. भांडी आपटू नका. आणि घरचं माणूस "मी केलं नाही" म्हणालं, तर निदान त्याचं जेवण होईपर्यंत तरी त्याच्यावर विश्वास ठेवा.