ब्रेकच्या तारेचा फास

सकाळचे सात वाजले तरी संगणकावरचा ठिपका हलला नव्हता. देशोदेशी वन्यप्राणी वाचवणाऱ्या संस्थेचं हे कार्यालय म्हणजे टायरच्या दुकानावरच्या दोन खोल्या. रानातल्या काही अस्वलांच्या गळ्यात संस्थेने पट्टे घातले होते; त्यातली एक अस्वलीण पाच तास एकाच जागी होती.

"झोपली असेल," मामा म्हणाले. मामा जीप चालवायचे. सगळ्या कार्यालयाचेच ते मामा.

"पिल्लू घेऊन फिरणारी आई उघड्यावर झोपेल होय?" जनावरांची डॉक्टर औषधाची पेटी उचलून जिना उतरूही लागली.

ओढ्याकाठी अस्वलीण सापडली. पुढचा पाय तारेच्या फासात. ओढून ओढून तार मांसात रुतलेली, भोवतालची माती नांगरल्यासारखी. पिल्लू झाडावर चढून कण्हत होतं.

डॉक्टरने बंदुकीतून मारलेली भुलीची पहिली सुई नेम चुकून झाडाच्या बुंध्यात घुसली. दुसरी मांडीत बसली आणि थोड्या वेळाने अस्वलीण आडवी झाली.

"औषध कमीच दिलंय, दमलेलं जनावर आहे. पंधरा मिनिटं धरून चाला, मामा. पुढचं तिच्या मनावर."

मामांनी तारेला कटर लावला आणि त्यांचा हात थबकला. स्कूटरच्या ब्रेकची तार, गाठीशी दोन उलटे पीळ.

"कापा ना!"

तार तुटली. डॉक्टर जखम धुऊ लागली.

"गाठ माझ्या मेहुण्याची आहे," मामा हळूच म्हणाले. "डुकरासाठी लावला असणार मेल्याने."

"ते नंतर. आधी डोकं धरा तिचं."

अकराव्या मिनिटालाच अस्वलिणीचा कान हलला. मग जबडा.

"डॉक्टर, चला!"

"जखम सडेल हो. एवढं इंजेक्शन देऊ दे."

सुई बाहेर निघाली तेवढ्यात नख्यांनी मातीत ओरखडा ओढला. मामांनी डॉक्टरला दंडाला धरून खेचलं. जीपचं दार लागतंय न लागतंय तोच अस्वलीण उठली, झोकांड्या खात पुढे आली आणि दहा पावलांवर थांबली. पिल्लू सरसर उतरलं, तिच्या पाठीवर चढलं, आणि ती लंगडत झाडीत शिरली.

मामांनी गाडी सुरू केली.

"मामा, चौकीवर कळवावं लागेल. नाव मी सांगू?"

"नको. माझ्या तोंडून जाऊ दे. नाहीतर उद्या म्हणतील, माहीत असून गप्प बसला."

त्यांनी वनखात्याच्या चौकीत जाऊन मेहुण्याचं नाव सांगितलं. संध्याकाळी बायकोने ताट आदळलं. "माझ्या सख्ख्या भावाला धरून दिलंत? घरभेदी कुठले!" त्यानंतर आठ दिवस ती बोलली नाही. मामाही अर्धपोटी उठायचे.

नवव्या दिवशी मेहुणा जामिनावर सुटला आणि थेट कार्यालयात आला. मामांकडे न बघता डॉक्टरला म्हणाला, "अजून चौदा लावलेत. माझ्याशिवाय सापडायचे नाहीत तुम्हाला. परत एखादं जनावर अडकलं तर पुन्हा मलाच धरतील."

दिवसभर तो पुढे चालला, मामांना शिव्या घालत. चौदाही फास निघाले. दोन साळिंदरं मात्र आधीच मेली होती. मेहुण्याने त्यांच्यासाठी स्वतः खड्डा खणला, आणि खणताना त्याच्या शिव्या बंद झाल्या.