हवा मारलेला फिल्टर

एका चौरस सेंटिमीटरमध्ये दोनशे चौदा तंतू होते. पांढरे एकशे सहा, निळे एकसष्ट, गुलाबी सदतीस, काळे दहा. शिवाय डासाचा एक पाय आणि वाळक्या पानाचा तुकडा. दर्शनशेठच्या गाडीतून काढलेला एसीचा फिल्टर मी आमच्या ओट्यावर वर्तमानपत्र पसरून ठेवला होता आणि कॉलेजात असताना घेतलेल्या छोट्या मायक्रोस्कोपखाली त्याच्या घड्या एकेक करून बघत होते. एसीचा फिल्टर म्हणजे चौकटीत बसवलेला घड्याघड्यांचा जाड कागद. गाडीतल्या माणसाच्या तोंडावर येणारी हवा आधी त्यातून गाळली जाते. एका जागेवर भरवसा नको म्हणून आणखी चार ठिकाणी मोजलं. गुलाबी तंतू पाचही ठिकाणी निघाले.

तो गुलाबी माझ्या ओळखीचा होता. माईच्या मच्छरदाणीवर तोच होता, लोणच्याच्या बरणीच्या झाकणावर तोच, आणि सकाळच्या खोकल्यानंतर माईच्या रुमालातही तोच.

माई म्हणजे माझी आई. पस्तीस वर्षं प्राथमिक शाळेत शिकवलं, आवाज असा की तिसरीच्या वर्गात बोलली तर पाचवीतली पोरं गप्प व्हायची. आता एक वाक्य दोन श्वासांत बोलते. आमच्या बिल्डिंगच्या मागे दर्शनशेठची शेड आहे. तिथे आधी कापड विणायचे लूम होते. तीन वर्षांपूर्वी त्याने ते विकून चिंध्या पिंजायचं मशीन टाकलं. जुने कपडे, टॉवेल, कापडाचं वेस्ट एका बाजूने आत जातं, दुसऱ्या बाजूने कापूस होऊन बाहेर पडतं, आणि मधे जे उडतं ते भिंतीतला मोठा एक्झॉस्ट फॅन बाहेर फेकतो. फॅनचं तोंड आमच्या गॅलरीकडे आहे. गॅलरीपासून आठ मीटर.

सोसायटीच्या मीटिंगला माईने उभं राहून सांगितलं होतं की फॅनला निदान कापडी पिशवी तरी बांधा. दर्शनशेठ हसला. "काकू, कापूस आहे हो तो. कापसाने कोण मेलंय आजपर्यंत? रात्री गादीवर झोपता ना? का दगडावर झोपता?" सगळी मीटिंग हसली. आमचे सेक्रेटरी हरीकाकाही हसले, मग माईकडे बघून खाकरले. माईला उत्तर द्यायचं होतं, पण मधेच धाप लागली आणि ती खाली बसली. तिला दिलेल्या खुर्चीचा एक पाय डुगडुगत होता. त्या डुगडुगण्याचा आवाज मला अजून येतो.

त्या दिवशी मी ठरवलं की हा कापूस दर्शनशेठला खायला घालायचा. कसा, ते तेव्हा माहीत नव्हतं.

ते त्यानेच सांगितलं. मानकोलीच्या औषधांच्या गोदामात तापमानाच्या नोंदी तपासायचं काम करते मी; येण्याजाण्यासाठी आमची जुनी गाडी आहे, तिची लहानसहान कामं मी स्वतः करते. एका रविवारी गल्लीत मी तिचे फिल्टर बदलत होते. दर्शनशेठ शेडमधून बनियनवर बाहेर आला.

"काय गं सायंटिस्ट, गॅरेज टाकलंस की काय?"

"फिल्टर बदलतेय, दादा."

"माझेपण कर ना मग. शेजारधर्म." त्याने चावी माझ्याकडे फेकली. "इंजिनाचा नवीन आणून ठेवलाय, डिकीत आहे. एसीचा काढ नि हवा मारून परत बसव. हवाच येत नाही साली त्यातून."

"एसीचाही नवीन टाका. कागद असतो तो, हवा मारली की फाटतो."

"ए, आख्खी भिवंडी हवेवर चालते. लूम हवा मारून साफ, मोटर हवा मारून साफ. ड्युटी सुटल्यावर आपली माणसंसुद्धा अंगावर हवा मारून घेतात नि घरी जातात. कोण फाटलं का? इंजिनाचं वेगळं. इंजिन एकदा गेलं की गेलं. आपल्या नाकाला काय, चालतंय."

मी त्याच्याकडे नीट बघितलं. तो गंमत करत नव्हता. त्याला खरंच तसं वाटत होतं.

"बरं," मी म्हणाले.

इंजिनाचं काम आधी केलं. बॉनेट उघडून डब्याच्या चारही क्लिपा काढल्या, जुना एअर फिल्टर उचलला, डब्याचा तळ ओल्या फडक्याने पुसला, कारण पुसताना एक कणही पुढच्या पाइपात जाऊन चालत नाही. नवीन फिल्टरची रबरी कड खाचेत बसली की नाही ते बोट फिरवून बघितलं. क्लिपा लावल्या. इंजिनाशी माझं भांडण नव्हतं.

मग ग्लोव्ह बॉक्स खाली सोडून एसीचा फिल्टर काढला आणि घरी नेऊन मोजला. तंतू मोजून झाल्यावर थोडा वेळ विचार केला. घाण झालेला फिल्टर हवा कमी सोडतो, पण जी सोडतो ती चांगली गाळतो. आधी अडकलेली धूळच मागून येणाऱ्या धुळीला अडवते. म्हणजे तो तसाच परत बसवला असता तर दर्शनशेठचं भलंच झालं असतं. त्याचं भलं करायची माझी इच्छा नव्हती. आणि त्याने तर स्वतःच्या तोंडाने मला काय करायचं ते सांगितलं होतं.

गाडीत दुसरं कोणी बसतं का, ते आधी आठवून बघितलं. बायकोला स्वतःची स्कूटर, मुलगा पुण्याला शिकायला. गाडी त्याची एकट्याची. शेडमध्ये उकडतं म्हणून तो दिवसाचा निम्मा वेळ शेडच्या तोंडाशी गाडी लावून, एसी चालू ठेवून, आत बसून फोनवर धंदा करतो. फॅनची हवा वळून तिथेच येते.

हवा मारायचा कंप्रेसर शेडमध्ये होता. माईसाठी घेतलेलं धुळीचं मीटर, हातात मावतं तेवढं, मी पिशवीत टाकून नेलं. आत रविवारचीही शिफ्ट चालू होती. मशीनच्या तोंडाशी चिंध्यांच्या ढिगात भागी बसली होती, बटणं आणि चेन कापून वेगळ्या काढत. ती अकलोलीच्या वरच्या पाड्यावरून येते, सकाळच्या जीपने. नाकावर पदर, पापण्यांवर पांढरी लव. मीटरवर आकडा आला ६४०; साठच्या आत असला तर हवा बरी म्हणायची. आमच्या गॅलरीत तेव्हा २१२ यायचा.

"ह्यो काय हाय, ताई?" भागीने फिल्टरकडे बघत विचारलं.

"शेठच्या गाडीचं नाक."

"गाडीला बी खोकला झाला का काय?" ती पदराआडून हसली आणि हसता हसता खोकली. "मंग औषद घाल तिला. आमाला तर कोन घालीत न्हाय."

मी कंप्रेसरची गन उचलली. लांबून, हलक्या दाबाने मारली तर कागद कधीकधी वाचतो. मी नळी घडीला टेकवली आणि पूर्ण दाब सोडला. धूळ भस्सकन उडाली. एकेक घडी करत शेवटपर्यंत गेले. मग फिल्टर ट्यूबलाइटसमोर धरला. पांढरा स्वच्छ दिसत होता, आणि कितीतरी ठिकाणी त्यातून ट्यूब आरपार दिसत होती. हवेच्या दिशेचा बाण बघून तो नीट बसवला, ग्लोव्ह बॉक्स लावला, चावी परत दिली.

दर्शनशेठने एसी लावून बघितला. त्याच्या कपाळावरचे केस उडाले.

"बघ! काय मारतोय बघ! आणि तू म्हणे नवीन टाका. पुस्तकात शिकून काही होत नाही, सायंटिस्ट."

"बरोबर आहे, दादा."

पुढचे दिवस मी मजेत काढले. कामावरून आले की चहा घेऊन गॅलरीत उभी राहायचे. खाली गाडी, काचा बंद, आत दर्शनशेठ, त्याच्या तोंडावर फॅनचा सगळा कापूस पूर्ण वेगाने. आधी तो नुसता नाक पुसायचा. मग घसा खाकरायला लागला. मग एका संध्याकाळी गाडीच्या बंद काचांतून खोकल्याची अख्खी उबळ वर ऐकू आली, माईसारखीच, शेवटी शिट्टी वाजणारी. मला चहा गोड लागला.

"कोण खोकतंय गं?" आतून माईने विचारलं.

"दर्शनशेठ."

"अरेरे. आल्याचा काढा देऊन ये त्याला."

"नको. कापूस आहे तो. कापसाने काय होतंय."

माईने माझ्याकडे बघितलं, पण धाप लागली म्हणून श्वासाचा निळा पंप तोंडाला लावला.

दर्शनशेठ सगळ्यांना सांगत होता की कशेळीच्या ट्रॅफिकमुळे झालंय. डॉक्टरने औषधं दिली, नंतर माईच्यासारखाच निळा पंप दिला. एसी मात्र तो जास्तच लावायला लागला, कारण गार हवेने बरं वाटतं म्हणे. दीड महिना गेला. मग त्याच्या गाडीच्या डॅशबोर्डवर गुलाबी लव साचू लागली आणि तेव्हा कुठे त्याला संशय आला.

रविवारी सकाळी गल्लीत आरडाओरडा ऐकून मी खाली गेले. गाडीचं दार उघडं, ग्लोव्ह बॉक्स लोंबकळत होता, आणि दर्शनशेठच्या हातात फिल्टर. त्याने तो सूर्यासमोर धरला होता. हरीकाका दुधाची पिशवी घेऊन थांबले होते, आणखी पाचसहा जण जमले होते.

"हे काय केलंस?" तो माझ्यावर ओरडला. "चाळण आहे ही! चाळण!"

"तुम्ही सांगितलं तशी हवा मारली."

"फाटलेला बसवलास तू मला! माहीत होतं तुला!"

"हो. फाटतो म्हणून मी सांगितलंही होतं. तुम्ही म्हणालात, नाकाला काय, चालतंय."

"चालतंय?" त्याला उबळ आली. गाडीच्या दाराला धरून तो वाकला. "दीड महिना माझ्या छातीत... दीड महिना..."

"काय गेलं छातीत?"

"काय म्हणजे?"

"छातीत काय गेलं ते सांगा ना, दादा. काकांनाही कळू दे."

"हेच!" त्याने फिल्टर बॉनेटवर आपटला. "ही घाण! माझ्या मशीनची धूळ, दुसरं काय! विष आहे ते! पोलिसात जाईन मी, मला मारायला निघालीस तू!"

"जा की. मीपण येते. काय लिहून घेतील ते? दर्शनशेठच्या मशीनची धूळ दर्शनशेठच्या नाकात गेली?"

कोणीतरी फिस्सकन हसलं. दर्शनशेठने आजूबाजूला बघितलं. तो काय बोलून बसला होता ते त्याला माझ्या चेहऱ्यावरून कळलं असावं, कारण त्याचा आवाज एकदम खाली आला. "हरीकाका, बघा ना, काय पोरगी आहे."

हरीकाकांनी दुधाची पिशवी या हातातून त्या हातात घेतली. "दर्शन, तू आत्ता विष म्हणालास. आम्ही सगळ्यांनी ऐकलं. मग वर बाई तीन वर्षं काय गिळतेय?"

वर गॅलरीत माई उभी होती. मला जे हवं होतं ते मिळालं होतं. तो तिथेच वाकलेला होता, सगळ्यांसमोर, घामाघूम, आणि त्याच्या तोंडाला कापूस लागला होता. मला तो आणखी थोडा वेळ तसाच बघायचा होता.

आठवड्याच्या आत फॅनला पिशवी लागली. जाड कापडाची, माणसाच्या उंचीची, तारेने आवळलेली. दर्शनशेठने गाडीत नवीन एसी फिल्टर टाकला, गॅरेजमधून, आणि माझ्याशी बोलणं सोडलं. आमच्या गॅलरीत २१२ चे ३८ झाले. माईने तीन वर्षांनी दार उघडं टाकलं आणि गॅलरीत स्टूल घेऊन मटार सोलले. सोलता सोलता तिने मला शाळेतली एक लांबलचक गोष्ट सांगितली, आणि तीत तिला एकदाच थांबावं लागलं. मी मीटरचा फोटो काढून हरीकाकांना पाठवला.

पिशवी लागून तीन आठवडे झाल्यावर मी शेडमध्ये गेले. बाहेरचे आकडे माझ्याकडे होते, आतला एकच होता, तोही जुना. आणि खरं सांगायचं तर दर्शनशेठचं तोंडही बघायचं होतं. तो नव्हता. पिशवी फुगून घट्ट झाली होती आणि तिच्यावर हात मारला तर लाकडासारखी लागत होती. ती झटकायची असते हे तिथल्या कोणाला सांगितलेलं नव्हतं. फॅन फिरत होता, पण त्याच्यासमोर धरलेला माझा रुमाल हलला नाही.

भागी तिच्या जागेवर होती. पदरावर आता तिने आणखी एक फडकं बांधलं होतं.

"वारा न्हाय जात भायेर, ताई," ती म्हणाली. "पिशवी लावल्यापास्नं. समदं हितंच फिरतं."

मी मीटर तिच्या तोंडाच्या उंचीवर धरलं आणि आकडा स्थिर होईपर्यंत थांबले.

१,१७०.